पैसे नको म्हणणारा मुलगा

मागच्या वैशाखात आईने मी पाठवलेलं एक पार्सल दारातूनच परत लावलं. गुडघ्याला बांधायचा पट्टा होता, तिच्याच गुडघ्यासाठी. पुण्यात रात्री जेवणं झाल्यावर मी मोबाइलवर तो शोधला, मापांचा तक्ता पाहिला, तिच्या पायाचा अंदाज घेत मधलं माप निवडलं, पैसे भरले आणि पत्ता गावचा घातला. वडूजपासून बारा किलोमीटर आत, शाळेच्या मागे, मारुतीच्या देवळाशेजारी. फोन नंबर तिचा दिला, म्हणजे येणाऱ्याला घर सापडलं नाही तर विचारता येईल. चौथ्या दिवशी दुपारी मला मेसेज आला : ग्राहकाने वस्तू स्वीकारली नाही. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी तिला फोन लावला. ती अगदी निवांत होती. "आला होता एक पोरगा," ती म्हणाली. "हातात खोकं. मी विचारलं, किती झाले? म्हणतो, काही द्यायचं नाही, तुमच्या फोनवर नंबर आलाय तेवढा सांगा. मी म्हटलं, बाळा, पैसे घे आणि वस्तू दे. तो पैसे घेईचना, नंबरच मागत बसला. मग म्हटलं, राहू दे, घेऊन जा परत."

मी चिडले. "अगं, पैसे मी आधीच भरले होते!" माझा आवाज जिन्यात घुमला, वरून उतरणाऱ्या दोघीजणी थबकल्या. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आई म्हणाली, "तू भरलेस, ते मला कसं दिसणार? आणि ज्याचे पैसे माझ्या हातून गेले नाहीत ती वस्तू माझी कशी?" मी काहीबाही बोलून फोन ठेवणार तेवढ्यात तिने सांगितलं, "ऊन फार होतं. त्याला ताक दिलं मी."

ताक दिलं आणि पार्सल परत दिलं.

पट्ट्याचे पैसे पाच दिवसांनी माझ्या खात्यात जमा झाले. हिशेबाने बघितलं तर कुणाचंच काही गेलं नव्हतं. पण माझ्या मनातून ते जाईना. रात्री दिवा मालवला की जिन्यातला माझा चढलेला आवाज मला परत ऐकू यायचा. फोनवर आलेला नंबर कुणालाही सांगायचा नाही, कितीही गोड बोललं तरी सांगायचा नाही, हे मीच तिला दोन वर्षं पढवलं होतं. गावात एका निवृत्त माणसाच्या खात्यातून पैसे गेल्यावर तर मी खास तेवढ्यासाठी फोन केला होता. तिने ते मनापासून पाळलं. पैसे नाकारणारा आणि नंबर मागणारा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं, आणि तरीही त्याला उन्हातून कोरड्या घशाने जाऊ दिलं नाही. यात रागवण्यासारखं काय होतं?

आमच्या घराच्या उंबऱ्यावर पैसे आणि वस्तू समोरासमोर येण्याची रीत माझ्या जन्माआधीपासूनची आहे. वडील प्राथमिक शिक्षक. पावसाळा सरत आला की ते पुण्याच्या प्रकाशकांना पोस्टकार्ड लिहायचे, बारीक अक्षरात पुस्तकांची नावं, खाली 'कृपया व्ही.पी.ने पाठवावे', म्हणजे पैसे पार्सल घेताना पोस्टमनच्या हाती द्यायचे. मग महिनाभर वाट. एखाद्या दुपारी सायकलची घंटा वाजायची आणि पोस्टमनकाका ओट्यावर खाकी कागदाचं, सुतळीने चौकोनी आवळलेलं पार्सल ठेवायचे. त्या कागदाला डिंकाचा आणि जुन्या पोत्याचा मिळून एक वास असायचा, तो मला अजून ओळखता येईल. पण पैसे मोजून होईपर्यंत वडील त्या पार्सलला हात लावत नसत. आम्ही दोघी बहिणी चोरून सुतळी चाचपायचो तर ते डोळ्यांनी दटावायचे. महिन्याची वीस-बावीस तारीख असेल तर घरात तेवढे पैसे नसत. पोस्टमनकाकांना ते ठाऊक असायचं. "मास्तर, ठेवतो पोस्टात. पगार झाला की आणतो," असं म्हणून ते पार्सल परत कॅरिअरला लावायचे. पुस्तक ओट्यापर्यंत येऊन परत जायचं, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नसे.

व्ही.पी.पी. आपल्या टपालखात्यात १८७७ साली सुरू झाली. मनीऑर्डर तिच्या मागोमाग, १८८० साली पोस्टाकडे आली. आमच्या भागाला या दोन्हींनी फार आधार दिला. खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, कुणी मुंबईत गोदीत, माथाडीत गेलं. त्यांचे पैसे याच उंबऱ्यावर यायचे. आजीला लिहिता येत नसे. पोस्टमनकाका नोटा दोनदा मोजायचे, तिचा अंगठा शाईत टेकवायचे, वडील साक्षीला सही करायचे, आणि मग आजी नोटा कनवटीला लावायची. पैसा दिसायचा, मोजला जायचा, एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. लग्न होऊन आई या घरात आली ती या सगळ्यात. २०१० मध्ये फ्लिपकार्टने वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली आणि भारतात ऑनलाइन खरेदी झपाट्याने वाढली, तेव्हा मी ते वर्तमानपत्रात मोठ्या नवलाने वाचलं होतं. आईला त्यात नवल वाटलं नसतं. तिच्या लेखी व्ही.पी. परत आली, एवढंच. मधे १३३ वर्षं गेली, इतकाच काय तो फरक.

त्या दिवसांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचत होते. वाचताना एक बाई भेटल्या आणि मनात राहिल्या. जेन स्नोबॉल. इंग्लंडच्या ईशान्येला गेट्सहेड नावाचं शहर आहे, टाइन नदीच्या काठचं. १९८४ च्या मे महिन्यात, म्हणजे इंटरनेट घराघरात यायच्या कितीतरी आधी, बहात्तर वर्षांच्या या बाईंनी आपल्या आरामखुर्चीत बसून टीव्हीच्या रिमोटने किराणा मागवला. मार्जरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी. त्यांचं कमरेचं हाड मोडलेलं होतं, दुकानापर्यंत जाणं होत नव्हतं. मायकेल ऑल्ड्रिच नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने १९७९ साली घरचा टीव्ही टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडायची युक्ती काढली होती, आणि तिथल्या नगर परिषदेने ती म्हाताऱ्या, अडलेल्या माणसांसाठी वापरून पाहिली. पडद्यावर टेस्को नावाच्या तिथल्या मोठ्या दुकानाच्या मालाची यादी यायची. दुकानात माल बांधला गेला आणि बाईंच्या दारात पोहोचला. जगातली घरबसल्या झालेली पहिली ऑनलाइन खरेदी म्हणून हीच सांगितली जाते.

मला त्यातला टीव्ही महत्त्वाचा वाटतो. बाईंच्या समोर कुणी अनोळखी यंत्र आणून ठेवलं नव्हतं. रोज संध्याकाळी ज्याच्यासमोर बसायच्या तोच टीव्ही, तेच बटण. आईचंही वय आज जवळपास तेवढंच, चौऱ्याहत्तर. तिचा गुडघा, त्यांची कंबर. गरज अगदी सारखी, न चालवणाऱ्या पायांची. फ्रान्समध्येही असंच घडलं. १९८० च्या दशकात तिथल्या टेलिफोन खात्याने मिनिटेल नावाची छोटी पडद्याची यंत्रं लोकांना फुकट वाटली, टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीऐवजी. लोक त्यावरून रेल्वेची तिकिटं काढू लागले, कपड्यांच्या कंपन्यांकडे मागण्या नोंदवू लागले. त्यावरच्या बहुतेक सेवांचे पैसे महिन्याच्या टेलिफोन बिलातच लागून यायचे, आणि ते बिल घरोघरी ओळखीचं होतं. ३० जून २०१२ ला ते बंद पडेपर्यंत जवळजवळ तीस वर्षं ते चाललं. वेगवेगळ्या देशांत हे कसं रुजलं ते वाचत गेले तसतशी माझी खात्री होत गेली की प्रत्येक ठिकाणी एकच गाठ सोडवावी लागली आहे : आधी कुणी द्यायचं? आधी पैसे दिले तर वस्तू येईल का, आणि आधी वस्तू दिली तर पैसे येतील का? ज्या देशाने ती गाठ आपल्या सवयीने सोडवली तिथे हे वेगाने पसरलं.

माझी धाकटी बहीण जर्मनीत असते, श्टुटगार्टला. तिला मी आईचा किस्सा सांगितला तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "ताई, मी इथे आले तेव्हा माझं उलट झालं होतं." पहिल्या हिवाळ्यात तिने बूट मागवले. पैसे भरायचा रकाना तिला सापडेना. तिथे 'बिलावर खरेदी' अशी जुनी पद्धत आहे. वस्तू आधी घरी येते, सोबत छापील बिल येतं, आणि चौदा दिवसांत किंवा महिन्याभरात बँकेतून पैसे पाठवायचे. ओळख ना पाळख, एका परदेशी मुलीला दुकानाने पैशाआधी बूट पाठवून दिले. ती दोन रात्री नीट झोपली नाही, आपल्या हातून काही चुकलंय असं तिला वाटत राहिलं. जर्मनीत दोन पिढ्या छापील कॅटलॉगमधून अशीच खरेदी करत आल्या. फ्युर्टच्या क्वेले कंपनीचा जाडजूड कॅटलॉग घराघरात असायचा. ती कंपनी २००९ मध्ये बुडाली, पण बिल मागून द्यायची सवय राहिली, आणि २००८ साली बर्लिनमध्ये निघालेल्या झालांडोसारख्या कंपन्यांनी तीच उचलली. एकाच बुटाची दोन मापं मागवायची, एक ठेवायचं, एक परत करायचं, यात तिथे कुणाला संकोच नाही. कपड्यांची जवळपास निम्मी पार्सलं परत जातात. आणि तिच्या जिन्यातल्या पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. कामावर गेलेल्या सगळ्यांची पार्सलं त्या घेऊन ठेवतात. पार्सल देणारा टपालपेटीत चिठ्ठी टाकून जातो, तुमचं पार्सल अमक्या शेजाऱ्यांकडे आहे. संध्याकाळी बहीण त्यांची घंटा वाजवते, पार्सल घेते, दोन शब्द बोलते. नाताळात ती त्यांना करंज्या देते. "त्या पार्सलांमुळेच मला या इमारतीत कुणीतरी नावाने ओळखतं," असं ती म्हणाली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

चीनची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली, कारण तिथे हा अविश्वास आपल्यासारखाच उघडा होता. २००३ च्या वसंतात तिथे सार्सची साथ होती. हांगझौच्या अलिबाबा कंपनीतली माणसं आपापल्या घरात अडकवून ठेवलेली, आणि त्याच मे महिन्यात त्यांनी ताओबाओ ही खरेदी-विक्रीची साइट सुरू केली. बाहेर माणसं एकमेकांच्या जवळ जायला घाबरत होती आणि आत ही माणसं अनोळखी लोकांना एकमेकांकडून वस्तू घ्यायला सांगत होती. वस्तू बघायला लोक आले, पण व्यवहार पुढे जाईनात. विकणारा म्हणे आधी पैसे, घेणारा म्हणे आधी माल. त्यावर त्यांनी जो तोडगा काढला, त्याचंच पुढे अलीपे झालं : घेणाऱ्याने पैसे मधे ठेवायचे, विकणाऱ्याने माल पाठवायचा, माल हातात आला आणि बरोबर निघाला असं घेणाऱ्याने सांगितलं की मगच पैसे विकणाऱ्याकडे जायचे. हे वाचताना मला पुसेगावच्या यात्रेतला बैलबाजार आठवला. लहानपणी वडिलांचा हात धरून मी तिथे फिरलेय. धुळीत, कडब्याच्या वासात दोन माणसं उभी, हातावर रुमाल टाकलेला, रुमालाखाली बोटांनी भाव चाललेला. आणि त्यांच्यामधे एक तिसरा, पांढऱ्या टोपीतला, दोघांनी मानलेला. इसाराची रक्कम त्याच्या मुठीत. बैल दावणीला बांधला जाईपर्यंत ती मूठ उघडत नसे. चिनी लोकांनी तो टोपीवाला माणूस संगणकात बसवला, असं मला वाटतं.

त्या मुठीतून काय काय निघालं तेही पाहण्यासारखं आहे. जिआंग्सू प्रांतात शाजी म्हणून एक गाव आहे. तिथली माणसं पूर्वी प्लॅस्टिकचा कचरा गोळा करून, निवडून पोट भरायची. २००६ च्या सुमारास गावात परतलेल्या एका तरुणाने साधी, सुटी करून खोक्यात बसणारी लाकडी कपाटं बनवून ताओबाओवर विकायला घेतली. शेजाऱ्याने बघितलं, मग त्याच्या शेजाऱ्याने. पुढे गावभर करवतींचा आवाज. अशा गावांना तिथे ताओबाओ गावं म्हणतात. २००९ मध्ये ती तीन होती, २०२० पर्यंत पाच हजारांच्या वर गेली. २०२३ साली चीनमधल्या एकूण किरकोळ विक्रीपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक माल ऑनलाइन विकला गेला. आपल्याकडे हा वाटा अजून दहा टक्क्यांच्या आत आहे. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की आपण मागे पडलो असं म्हणायची घाई होते. मला मात्र त्या नव्वद टक्क्यांत आईचा उंबरा दिसतो, वाण्याची वही दिसते, आणि त्यांना मागासलेपण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वाण्याच्या वहीचं ऋण मी विसरणार नाही. वडील गेले त्या वर्षी पेन्शनचे कागद आठ महिने अडकले होते. त्या आठ महिन्यांत घरात ज्वारी, तेल, चहापत्ती, साखर आली ती पाराजवळच्या दुकानातून, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत नुसती लिहून. दुकानदारांनी एकदाही विचारलं नाही. पैसे नसताना घर चालवणारी कुठली साइट मला माहीत नाही.

पण तेच दुकान मला आणखी एका गोष्टीसाठी आठवतं, आणि ती आठवण अजून टोचते. मी नववीत असताना पॅड आणायला जायचे. दुकानात कुणी पुरुष नसेल अशी वेळ बघून, समोरच्या वडाखाली थांबून. दुकानदार न बोलता पुडा वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर काळी पिशवी. पैसे घेताना दोघांची नजर जमिनीवर. गावातल्या आमच्यासारख्या किती मुली त्या वडाखाली उभ्या राहिल्या असतील. आज माझी भाची त्याच गावात बंद खोक्यात सगळं मागवते आणि तिला वडाखाली थांबावं लागत नाही. सगळ्यांनी ओळखणं यात जितकी माया असते तितकाच जाचही असतो, आणि तो जाच नेमका ज्याच्या वाट्याला येतो त्यालाच कळतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर वर्षांपूर्वी काळ्या शेतकरी कुटुंबांनी शिकागोच्या सिअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून माल मागवला तो याचसाठी. गावातला दुकानदार गोऱ्यांना आधी माल देणार, काळ्यांना ताटकळत ठेवणार, उधारी द्यायची की नाही आणि कुठल्या प्रतीचं कापड दाखवायचं हेही तोच ठरवणार. कॅटलॉगला रंग दिसत नव्हता. छापलेली किंमत सगळ्यांना एकच. पोस्टात जाणं अवघड असेल तर पत्र आणि पैसे टपाल घेऊन येणाऱ्या माणसाच्या हाती द्या, तो मनीऑर्डर करून पाठवील, असं त्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असायचं. तिथेही पुन्हा तोच, दारात येणारा माणूस.

या दारात येणाऱ्या माणसाबद्दल मी आधी फारसा विचार केला नव्हता. आपलं पार्सल पिनकोडच्या आधाराने येतं. ती सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, केंद्राच्या दळणवळण खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याने, जे स्वतः संस्कृत कवी होते. देशात एकाच नावाची किती गावं, पत्ते किती लिप्यांत लिहिलेले, त्या सगळ्या गोंधळातून त्यांनी वाट काढली. पहिला आकडा चार असला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. शेवटचे तीन आकडे थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. पण तिथून पुढे आकडे संपतात. पुढचं 'मारुतीच्या देवळाशेजारी' एका माणसालाच शोधावं लागतं, पाराजवळ गाडी थांबवून, कुणाला तरी विचारून. आमच्या गावात बहुतेक वेळा मुलगा फोन करतो, "ताई, फाट्यावर येता का?" आणि लोक फाट्यावर जातात. नायजेरियातलं लागोस असो की वडूज, खुणेने सांगितलेला पत्ता शोधणं हे पायांचंच काम आहे. केनियात २००७ पासून एम-पेसामुळे साध्या फोनवरून पैसे पोहोचू लागले, पण वस्तू काही फोनमधून पोहोचत नाही.

कोरोनात हे सगळ्यांना दिसलं. ब्रिटनमध्ये साथीआधी दर पाच पौंडांच्या विक्रीत एक ऑनलाइन असायचा. २०२१ च्या सुरुवातीला दुकानं बंद असताना तो वाटा तिसऱ्या हिश्श्यावर गेला आणि दुकानं उघडल्यावरही पूर्वीइतका खाली आला नाही. माणसं घरात बसली आणि दारादारात दुसरी माणसं फिरत राहिली. दक्षिण कोरियात रात्री मागवलेलं पहाटे दारात मिळतं, याचं तिथे मोठं कौतुक होतं. त्याच देशात २०२० मध्ये पार्सल पोचवणारे कामगार अतिश्रमाने मरत असल्याच्या बातम्या एकामागून एक आल्या, आणि १४ ऑगस्ट हा 'पार्सल नसलेला दिवस' ठरवावा लागला, त्यांना एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून. जपानमध्ये यामातो कंपनीने १९७६ साली घरपोच पार्सलसेवा सुरू केली तेव्हा पहिल्या दिवशी अकरा पार्सलं आली होती. आज तिथे दोन तासांची वेळ सांगून पार्सल मागवता येतं. एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली गेली, तेव्हा आता माल कोण नेणार याची काळजी सगळ्या देशाला पडली. त्याआधी ते किती तास राबत होते, याचा हिशेब त्या आकड्यातच आहे.

जूनमध्ये मी पट्टा पुन्हा मागवला, या वेळी पैसे दारात द्यायचे असं निवडून. दुसराच कुणी मुलगा आला. आईने सहाशे एकोणपन्नास रुपये सुट्यासकट मोजून दिले, खोकं उघडून पाहिलं आणि मला फोन केला. "दिले बरं का पैसे," एवढंच म्हणाली. आवाजात समाधान होतं. पट्टा तिला नीट बसला. पावसाळाभर तिने तो वापरला.

मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेला मी गावी गेले होते. सकाळी थंडी बरीच होती, आई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. शेजारच्या दारात मोटारसायकल थांबली. मागे मोठी काळी पिशवी, हँडलला मफलर गुंडाळलेला. मुलगा विशी-बाविशीचा. शेजारी कुणी नव्हतं म्हणून तो आमच्याकडे वळला आणि आईकडे पाहून जरा थांबला. "आजी, तुम्हीच ना, उन्हाळ्यात ताक दिलं होतं?" आईने डोळे बारीक केले. ओळख पटल्यावर तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "तूच का तो? अरे, माझ्या लेकीने भरले होते पैसे. मला मागून कळलं. तुला उगाच परत धाडलं मी." तो म्हणाला, "असू दे आजी. बरोबर केलंत तुम्ही, हल्ली काय काय प्रकार होतात." मी सहज विचारलं, पार्सल परत गेलं की त्याचं काय होतं? तो आधी बोलेना. मग म्हणाला, पोहोचलेल्या पार्सलाचेच पैसे मिळतात, परत गेलेल्याचे नाहीत. पेट्रोल आपलंच.

आई एकदम गप्प झाली. वैशाखातलं ते ऊन, बारा किलोमीटर येणं आणि बारा किलोमीटर जाणं, हे तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मला दिसलं. तिने विचारलं, "त्या दिवशीच्या फेरीचे किती होते?"

"राहू द्या ना आजी."

"किती होते?"

तो मफलरशी चाळा करत उभा राहिला. "चौदा रुपये."

आई भिंतीला धरून उठली, गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला आणि आत गेली. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा डबा काढल्याचा, मग झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर तो मुलगा आणि मी एकमेकांकडे न बघता उभे होतो. ती आली तेव्हा तिच्या तळहातावर दहाची एक नोट आणि दोन रुपयांची दोन नाणी होती. तिने ती त्याच्या समोर पुन्हा एकदा मोजली. त्याने हात पुढे केला.